मामांच्या बीटल्स रेकॉर्ड: कव्हर नंतर बघा, आधी आतली कोरी पट्टी वाचा

प्रश्न थोडक्यात असा: "माझे मामा १९६४ ते १९६९ लंडनला नोकरीत होते. त्यांच्या दादरच्या घरातून बीटल्सच्या काही एलपी आणि ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) दोन तबकड्या माझ्याकडे आल्या. 'रबर सोल' आणि 'रिव्हॉल्व्हर' मोनो आहेत. 'सार्जंट पेपर' दोन निघाल्या, लंडनची मोनो आणि आपल्याकडची स्टीरिओ. 'व्हाइट अल्बम'वर नंबर छापलाय. मित्र म्हणतात मोनो देऊन टाक, स्टीरिओ ठेव. रेकॉर्डवाला म्हणतो उलट कर. यातलं दुर्मीळ काय आहे आणि ते ओळखायचं कसं?"

रेकॉर्डवाला बरोबर सांगतोय, पण अर्धंच. मोनो ठेवाच. मात्र "मोनो म्हणजे महाग" एवढ्यावर थांबू नका. बीटल्सच्या एकाच अल्बमच्या दोन तबकड्या शेजारी ठेवल्या, कव्हर तेच, लेबल तेच, तरी आतला आवाज वेगळा असू शकतो, आणि कधी कधी गाण्याचं मिश्रणच, म्हणजे गळे आणि वाद्यं एकत्र जुळवण्याचं काम, वेगळं असतं. हा फरक बाहेरून दिसत नाही. गाणी संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, ज्याला आम्ही धंद्यातले लोक डेड वॅक्स म्हणतो, तिच्यात रेकॉर्डची जन्मपत्रिका कोरलेली असते. मी बरीच वर्षं जुन्या रेकॉर्ड घेतो आणि विकतो. चोरबाजारात असो की कुणाच्या बैठकीच्या खोलीत, रेकॉर्ड हातात आली की पहिली नजर त्या पट्टीवर जाते.

आधी मोनोचं सांगतो, कारण तुमच्या मित्रांचा गैरसमज फार पसरलेला आहे. साठच्या दशकात इंग्लंडमध्ये बहुतेक घरांत एकाच स्पीकरचं यंत्र असायचं. रेडिओही मोनो. त्यामुळे अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओत निर्माता जॉर्ज मार्टिन आणि हे चौघे मोनो मिश्रणावर जीव टाकायचे. स्टीरिओ मागाहून उरकलं जायचं, आणि अनेकदा त्या वेळी बीटल्सपैकी कुणी हजरही नसायचं. पहिल्या दोन अल्बमचं ध्वनिमुद्रण तर दोनच ट्रॅकवर झालं: एकावर वाद्यं, दुसऱ्यावर गळे. ही सोय मोनो करताना दोन्हींचं प्रमाण नीट जुळवता यावं म्हणून होती. तेच दोन ट्रॅक डाव्या-उजव्या स्पीकरला लावून "स्टीरिओ" म्हणून विकले गेले. तुम्ही नंतरची स्टीरिओ 'रबर सोल'सुद्धा हेडफोनवर ऐकाल तर एका कानात गाणारे आणि दुसऱ्या कानात वाजवणारे, असा भाऊबंदकीचा प्रकार ऐकू येईल. काहींना तो आवडतो. मला मजा वाटते, पण तासभर नाही.

तुमच्याकडे 'सार्जंट पेपर'च्या मोनो आणि स्टीरिओ अशा दोन्ही प्रती आहेत हे नशीब समजा, कारण घरबसल्या प्रयोग करता येईल. दोन्ही प्रतींवर पहिल्या बाजूचं 'शीज लीव्हिंग होम' लावा. मोनोतलं गाणं स्पष्टपणे जलद आणि वरच्या पट्टीत आहे, जवळजवळ अर्ध्या स्वराचा फरक. तंबोरा लावायची सवय असलेल्या माणसाला हे पहिल्याच ओळीत कळतं. स्टीरिओ करताना टेपचा वेग तसा ठेवला गेला नाही, एवढंच. गाणं तेच, पण मोनोत ती मुलगी घर सोडून घाईने निघते आणि स्टीरिओत उसासे टाकत निघते. मग 'लूसी' ऐका. मोनोमध्ये लेननच्या आवाजाला एक फिरकी दिलेली आहे, पाण्यातून आल्यासारखी, ती स्टीरिओत फिकी आहे. दुसऱ्या बाजूला शीर्षकगीत पुन्हा येतं, त्याच्या शेवटी मोनोत पॉल मकार्टनी मागे ओरडतोय हे नीट ऐकू येतं. स्टीरिओत ते गर्दीत हरवलंय.

'व्हाइट अल्बम'मध्ये तर फरक मिनिटभराचा आहे. 'हेल्टर स्केल्टर' मोनोत तीन मिनिटं छत्तीस सेकंदांत संपतं. स्टीरिओत ते मावळतं, पुन्हा वर येतं आणि शेवटी ड्रमर रिंगो बोटांना फोड आल्याचं ओरडून सांगतो. साडेचार मिनिटं. ज्यांनी आयुष्यभर मोनो प्रत ऐकली त्यांना ती आरोळी माहीतच नसायची. याच अल्बमपाशी इंग्लंडमधल्या एलपींची स्वतंत्र मोनो मिश्रणं थांबली. १९६९ च्या 'यलो सबमरीन'ची मोनो एलपी म्हणजे स्टीरिओचेच दोन्ही भाग एकत्र ओतलेले, आणि 'अ‍ॅबी रोड' तर तिथे फक्त स्टीरिओ निघाली. त्यामुळे "मोनो ठेवा" हा नियम १९६८ पर्यंतच.

आता डेड वॅक्स. रेकॉर्ड दोन्ही तळव्यांत कडेने धरा, लेबलला आणि खाचांना बोट लावू नका. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, सरळ वरून मारला तर नुसती चकाकी दिसेल. लेबलवर लिहिलेलं सुलट येईल अशी धरली की घड्याळाच्या काट्यांच्या जागा लक्षात ठेवायच्या. खाली, सहाच्या जागी, मॅट्रिक्स क्रमांक असतो. तुमच्या लंडनच्या 'पेपर'वर पहिल्या बाजूला 'एक्सईएक्स ६३७' आणि पुढे आडवी रेघ देऊन एक आकडा असेल. 'एक्सईएक्स' म्हणजे मोनो. त्याच गाण्यांची स्टीरिओ बाजू असती तर 'वायईएक्स ६३७' आलं असतं. कव्हर बदललेलं असलं तरी हे अक्षर खोटं बोलत नाही. मोनोच्या कव्हरमध्ये स्टीरिओ तबकडी घातलेले नग बाजारात पुष्कळ फिरतात.

रेघेनंतरचा आकडा सांगतो की ही कितवी कापणी. टेपवरून लॅकरच्या तबकडीवर खाचा कोरतात, ती कापणी. त्या लॅकरवर चांदीचा थर देऊन निकेल चढवतात आणि उलटा साचा निघतो. त्या उलट्यावरून पुन्हा सुलटा निघतो, त्याला मदर म्हणतात. मदरवरून पुन्हा उलटे, ते स्टॅम्पर, आणि स्टॅम्परने विनाइल दाबतात. स्टॅम्पर काही शे प्रतींनंतर झिजतो, म्हणून एका मदरचे अनेक स्टॅम्पर आणि एका लॅकरच्या अनेक मदर. मिडलसेक्समधल्या हेजच्या, इएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या कारखान्यात हा हिशेब तबकडीवरच नोंदवत. घड्याळात नऊच्या जागी मदरचा क्रमांक, साधा आकडा. तीनच्या जागी स्टॅम्परचा क्रमांक, पण अक्षरांत. ही अक्षरं 'ग्रामोफोन लिमिटेड' या इंग्रजी नावातून घेतलेली: जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी. जी म्हणजे १, आर म्हणजे २, असं करत टी म्हणजे ९ आणि डी म्हणजे शून्य. तीनच्या जागी 'जीएम' दिसलं तर चौदावा स्टॅम्पर. नऊला १ आणि तीनला एकटं 'जी' असेल तर त्या कापणीच्या अगदी पहिल्या प्रतींपैकी एक तुमच्या हातात आहे. अशी प्रत सापडली तर मला जरूर कळवा, विकायला नाही, बघायला.

यानंतर तुमच्या 'रबर सोल'कडे वळा, कारण तिथे खरी गंमत असू शकते. ३ डिसेंबर १९६५ ला ती आली. पहिली मोनो कापणी एवढी जोरात केली होती की साध्या ग्रामोफोनवर सुई उडायची. लगेच दुसरी, नेमस्त कापणी झाली. त्यामुळे पहिल्या बाजूला 'एक्सईएक्स ५७९-१' आणि दुसऱ्या बाजूला 'एक्सईएक्स ५८०-१' असेल तर ती गाजलेली 'लाउड कट'. बास अंगावर येतो आणि 'ड्राइव्ह माय कार' सुरू झाल्या झाल्या आवाज कमी करावासा वाटतो. शेवटी ४ किंवा ५ असेल तर ती मागाहूनची, ऐकायला चांगली, पण शांत. एका बाजूला १ आणि दुसरीला ४ अशी मिश्र प्रतही सापडते. कारखान्यात साचे बदलले जात होते, ग्राहकाच्या संग्रहाची चिंता कुणी करत नव्हतं.

'रिव्हॉल्व्हर'ची दुसरी बाजू बघा. ५ ऑगस्ट १९६६ ची ही एलपी. शेवटचं गाणं 'टुमॉरो नेव्हर नोज', ज्यात टेपची वेटोळी फिरवून पक्ष्यांसारखे आवाज केलेत. त्याची अनेक मिश्रणं झाली होती. अकरावं ठरलं, मग जॉर्ज मार्टिनने ऐन वेळी बदलून आठवं वापरायला सांगितलं. तोवर अकराव्या मिश्रणाची कापणी होऊन काही प्रती दाबूनही झाल्या होत्या. 'एक्सईएक्स ६०६-१' दिसलं तर त्यात तेच रद्द झालेलं मिश्रण आहे. ती वेटोळी वेगळ्या प्रमाणात वर-खाली होतात. रोजच्या ऐकण्यातला कान असेल तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच "हे आपलं नाही" असं वाटतं. इथे मला संग्राहकांचं वेड पटतं, कारण हे छपाईचं चुकलेलं अक्षर नाही, बीटल्सचं एक वेगळं मिश्रण तुमच्या हातात येतं.

छपाईच्या चुकांबद्दल मात्र मी एवढा हळवा नाही. 'विथ द बीटल्स'च्या काही लेबलांवर एका गाण्याचं नावच चुकीचं जोडून छापलंय, आणि 'मनी' गाण्याच्या हक्कदार कंपनीचं नाव बदलत गेलंय. 'अ‍ॅबी रोड'च्या सुरुवातीच्या कव्हरवर आणि लेबलवर शेवटचं 'हर मॅजेस्टी' छापलेलं नाही. ते गाणं कापून टाकायचं होतं, पण टेप फेकू नये या शिस्तीमुळे इंजिनिअरने ते शेवटी जोडून ठेवलं आणि तसंच राहिलं. त्याच कव्हरच्या मागे बीटल्सच्या स्वतःच्या अ‍ॅपल कंपनीचं सफरचंदाचं चिन्ह गाण्यांच्या यादीशी रेषेत नाही, अशाही प्रती आहेत. लोक त्यासाठी जास्त पैसे मोजतात. मोजू देत. तेच पैसे चांगल्या अवस्थेतल्या प्रतीला दिले तर निदान रोज ऐकायला तरी मिळते.

लेबलाचा उपयोग वेगळा, काळ ठरवायला. १९६३ च्या सुरुवातीपर्यंत पार्लोफोन या बीटल्सच्या इंग्लंडमधल्या कंपनीच्या एलपीचं लेबल काळं, वर सोनेरी अक्षरं. 'प्लीज प्लीज मी' त्यावरच निघाली. तिची सोनेरी स्टीरिओ प्रत फार थोडी निघाली, म्हणून तिच्या मागे लोक वेडे झालेत. नंतर काळ्यावर पिवळी अक्षरं आली, ती १९६९ पर्यंत. कडेने गोल छापलेल्या मजकुराची सुरुवात आधी 'द पार्लोफोन कंपनी' अशी असायची, १९६५ च्या आसपास तिथे 'द ग्रामोफोन कंपनी' आलं. तुमच्या 'रबर सोल' आणि 'रिव्हॉल्व्हर'वर दुसरं हवं. मध्ये 'यूकेमध्ये ठरावीक किमतीच्या अटीवर विक्री' अशा अर्थाची इंग्रजी ओळ हवी. भोकाजवळ कागदात दाबून उठवलेली 'केटी' अशी अक्षरं दिसली तर घाबरू नका. तो विक्रीकराचा खुणेचा शिक्का आहे, दर बदलला की अक्षरं बदलायची. लेबल काळ्यावर रुपेरी अक्षरांचं आणि त्यावर 'इएमआय'ची चौकट असेल तर ती प्रत १९६९ नंतरची, मामा परत आल्यावर कुणी आणली असेल.

'पेपर'वर पुन्हा येतो, तिचा शेवट राहिलाच. 'अ डे इन द लाइफ'चा तो पियानोचा लांबलेला सूर विरला की आधी कुत्र्यांनाच ऐकू यावी अशी शिट्टी आहे, पंधरा हजार आवर्तनांची. तुमच्या घरात लहान मूल असेल तर त्याला विचारा, साठीतल्या माणसाला बहुधा ती ऐकूच येत नाही. त्यानंतर सुई ज्या गोल खाचेत अडकते तिथे दोन-तीन सेकंदांची बडबड कोरलेली आहे. सुई उचलेपर्यंत ती फिरत राहते. अ‍ॅबी रोडच्या कापणी विभागातल्या हॅरी मॉस यांनी ती गोल खाचेत बसवली, आणि ते फार कटकटीचं काम होतं. आपोआप हात उचलणारा टर्नटेबल असेल तर ही बडबड पुरती ऐकू येत नाही, म्हणून हाताने सुई उचलायच्या यंत्रावर ऐका. अमेरिकेतल्या कॅपिटॉल कंपनीने ती वगळली होती. तिथल्या श्रोत्यांना १९८० मध्ये एका संकलनावर ती पहिल्यांदा मिळाली. तुमची आपल्याकडची प्रतही शेवटपर्यंत चालवून बघा, तिथे काय आहे ते कानानेच ठरवा.

'व्हाइट अल्बम'चा नंबर. याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. चित्रकार रिचर्ड हॅमिल्टनची ती कल्पना: पूर्ण पांढरं कव्हर, उठावात फक्त बँडचं नाव, आणि लाखो प्रती निघणाऱ्या वस्तूवर मर्यादित आवृत्तीसारखा क्रमांक. विनोदच होता तो. ००००००१ वगैरे नंबर खरंच मोलाचे. रिंगोची पहिल्या क्रमांकाची प्रत २०१५ च्या डिसेंबरात लिलावात ७,९०,००० डॉलरला गेली. पण पुढची शून्यं सोडून सहा आकडी नंबर असेल तर तो नंबर म्हणून काही खास नाही. तुमच्या प्रतीचं मोल तीन गोष्टींवर ठरेल. कव्हर वरून उघडतं का (सुरुवातीची इंग्लिश प्रत बाजूने नाही, वरून उघडते), आतली पाकिटं काळ्या कागदाची आहेत का, आणि मोठं पोस्टर व चौघांचे चार रंगीत फोटो शाबूत आहेत का. आपल्याकडे ते फोटो हमखास भिंतीवर गेलेले असतात. मामांच्या जुन्या खोलीतल्या फ्रेमा तपासा, खरंच सांगतो. मग डेड वॅक्समध्ये एक्सईएक्स आहे की वायईएक्स ते बघा. मोनो 'व्हाइट अल्बम' स्टीरिओपेक्षा बराच कमी मिळतो.

कत्तलखान्याचं कव्हर तुमच्याकडे नसणार, पण प्रश्न येतोच म्हणून सांगून टाकतो. १९६६ च्या जूनमध्ये अमेरिकेत 'यस्टर्डे अँड टुडे' निघाली, त्यावर रॉबर्ट व्हिटाकरने काढलेला फोटो होता: पांढरे खाटकाचे कोट, मांसाचे तुकडे, मोडक्या बाहुल्या. दुकानदारांनी आरडाओरडा केला आणि कंपनीने प्रती परत मागवल्या. सगळी कव्हरं फेकण्यापेक्षा अनेकांवर ट्रंकेजवळ बसलेल्या चौघांचा साधा फोटो चिकटवला. आजही ट्रंकेच्या उजव्या बाजूच्या पांढऱ्या जागेत रिंगोच्या गळ्याशी असलेला काळा त्रिकोण पुसट दिसतो का, ते लोक भिंगाने शोधतात. दिसला तर वाफ देऊन सोलू नका. न सोललेली प्रत संग्राहकांना वेगळी हवी असते, आणि सोलताना खालचं चित्र फाटलं की दोन्हीकडून गेली. तुमचे मामा लंडनला होते, त्यामुळे त्यांनी ही विकत घेतली असण्याची शक्यता कमीच.

आता आपल्याकडच्या तबकड्या. भारतीय रेकॉर्ड ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बनत. लेबलवर 'मेड इन इंडिया' असं असतं. परदेशी संग्राहक यांच्या मागे असतात, कारण त्यांच्याकडे या नसतात. ऐकायला मात्र त्या नशिबावर आहेत: काही छान, काहींवर सतत बारीक खरखर. कव्हरचा कागदही लंडनच्या मानाने पातळ. तुमची स्टीरिओ 'पेपर' त्यामुळे फार महाग नसेल, पण मोनोशेजारी ठेवून ऐकायला उत्तम, ती विकू नका.

त्या दोन ७८ च्या तबकड्यांना मात्र कुणाला हात लावू देऊ नका. बीटल्सच्या ७८ इंग्लंडमध्ये निघाल्याच नाहीत. तिथे तो वेग बँड प्रसिद्ध व्हायच्या आधीच संपला होता. आपल्याकडे गावोगावी किल्लीचे ग्रामोफोन चालू होते, वीज नसलेल्या घरांतही रेकॉर्ड वाजायच्या, म्हणून साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत पार्लोफोनच्या लेबलवर बीटल्सची गाणी ७८ वेगातही काढली गेली. मामा लंडनला असताना त्या इथल्या कुणी घेतल्या असाव्यात, आजोबा किंवा मावशीने. जगभरच्या बीटल्स संग्राहकांना या भारतीय ७८ नावाने माहीत असतात. एखादी प्रत चरे नसलेली, कड न फुटलेली असेल तर तुमच्या सगळ्या एलपींपेक्षा तीच जास्त बोलावली जाईल.

मुंबईशी बीटल्सचं एक पक्कं नातंही आहे, ते मामांच्या संग्रहात असेल तर वेगळं काढून ठेवा. १९६८ च्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला आणि फोर्टमधल्या फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने एका चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित केलं. तिथे स्टीरिओ यंत्र नव्हतं. कंपनीचे भास्कर मेनन यांनी ते कलकत्त्याहून आणवलं. हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटॉलचे प्रमुख झाले. स्टुडिओ रस्त्यावरच्या आवाजापासून नीट बंद नव्हता, त्यामुळे गाड्यांच्या आवाजाची भीती होती. मुंबईतल्या त्या ध्वनिमुद्रणांत शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी असे लोक होते. ते 'वंडरवॉल म्यूझिक' नावाने १ नोव्हेंबर १९६८ ला आलं, बीटल्सपैकी एकाची पहिली स्वतंत्र एलपी आणि अ‍ॅपल कंपनीचीही पहिली एलपी.

त्याच मुक्कामात, १२ जानेवारीला, 'द इनर लाइट'ची पार्श्वसाथ झाली. गळा फेब्रुवारीत लंडनला चढवला. १५ मार्चला 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला ते निघालं: बीटल्सच्या सिंगलवर आलेलं हॅरिसनचं पहिलं गाणं, आणि त्याचा सगळा वाद्यमेळ मुंबईचा. त्या छोट्या ४५ च्या तबकडीवर ते मोनोच होतं. एलपीवर यायला इंग्लंडमध्ये १९७८ उजाडलं, स्टीरिओ मिश्रण १९८१ मध्ये एका ईपीवर, म्हणजे तीन-चार गाण्यांच्या छोट्या तबकडीवर आलं. त्यामुळे 'लेडी मॅडोना'ची लंडनची मूळ सिंगल, पार्लोफोन आर ५६७५, सापडली तर मागची बाजू आधी लावा. फोर्टात वाजवलेली ती बासरी मूळ मोनो मिश्रणात, त्या काळच्या कापणीवरून ऐकायला मिळते, आणि तशी नंतरच्या सीडीवर येत नाही असं माझं मत आहे.

सिंगल शोधत असाल तर 'लव्ह मी डू'ही बघा. ५ ऑक्टोबर १९६२ ची लाल लेबलची प्रत, त्यात ड्रमवर रिंगो. एलपीवर आणि नंतरच्या सिंगलवर बाहेरून बोलावलेला वादक अँडी व्हाइट ड्रमवर आहे आणि रिंगो टॅम्बोरिन वाजवतो. खूण सोपी: टॅम्बोरिन ऐकू आलं तर ती नंतरची.

वाजवताना. हे सगळं वाचून लगेच रेडिओग्राम चालू करू नका. त्या यंत्रांच्या जड सुईने साठच्या दशकातल्या कितीतरी रेकॉर्डच्या खाचा नांगरल्यासारख्या झाल्यात. प्रत टॉर्चखाली चकाचक दिसते आणि लावल्यावर आवाज फुटतो, विशेषतः बाजूच्या शेवटच्या गाण्यात. म्हणून विकत घेताना नेहमी शेवटचं गाणं ऐकून बघा, पहिलं नव्हे. चांगला टर्नटेबल, दीड-दोन ग्रॅमच्या भाराची सुई, आणि अ‍ॅम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर मोनो रेकॉर्डसाठी ते दाबा. मोनो खाच सुईला फक्त आडवी हलवते, धूळ आणि चरे उभीही हलवतात. बटण दाबलं की उभी हालचाल रद्द होते आणि खरखर लक्षणीय कमी होते. इतका सोपा उपाय असून बहुतेक लोक तो करत नाहीत.

प्रती फार झिजल्या असतील आणि फक्त नीट ऐकायचं असेल, तर २०१४ चा मोनो विनाइल संच शोधा. तो मूळ टेपवरून, डिजिटल टप्पा मध्ये न आणता कापलेला आहे. २०१२ चा स्टीरिओ संच डिजिटल मास्टरवरून होता. माझ्या कानाला २०१४ चा जास्त जवळचा वाटतो, किंमतही आता तशीच चढी आहे.

दादरचं घर म्हणजे दमट हवा आणि पावसाळ्यात बुरशी, तेव्हा स्वच्छता आधी. विनाइलसाठी डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे एक-दोन थेंब, मऊ कापडाने खाचांच्या दिशेने, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून उभी वाळवायची. लेबलवर पाणी जाऊ देऊ नका, केटीचा शिक्का पुसला तर भरून येत नाही. एलपी उभ्याच ठेवा, आडव्या रचल्या की खालच्या वाकतात.

७८ च्या तबकड्यांना मात्र स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कुठलंही क्लीनर लावू नका. त्या लाखेच्या असतात, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, खाचा तुमच्या डोळ्यांदेखत पुसल्या जातील. ओलसर मऊ कापड पुरे. त्या एलपीच्या सुईवरही वाजवू नका. ७८ ची खाच मोनो एलपीच्या जवळजवळ तिप्पट रुंद असते, तिची सुई वेगळी मिळते आणि ती बहुतेक चांगल्या कार्ट्रिजला बदलून लावता येते. पडू मात्र देऊ नका, त्या विनाइलसारख्या वाकत नाहीत, सरळ फुटतात. दोन्ही डेड वॅक्सचे आणि ७८ च्या लेबलांचे फोटो नीट तिरक्या उजेडात काढून पाठवा, कुठला नग काय आहे ते एकेक करून सांगतो.